माझ्या बोटाएवढी भेंडी

२६ नोव्हेंबर २०१८, सोमवार

मुरबाडच्या खतवाल्यानं डायरी दिली. जुन्या सालची, उरलेली. छापलेल्या तारखा खोडून माझ्या घालते. चौथीपर्यंत शिकले तेवढं पुरतं. कुणाला दाखवायची नाय. तोंडावर नवऱ्याला ‘अहो’, इथं बारकू. इथं कोण ऐकतंय.

या वर्षी भेंडीचा मळा माझा. बारकूनं दोन वर्षं करून बघितला, दोन्ही वर्षं कंबर धरून बसला. मग बोलला, तूच बघ. बघते.

आपली भेंडी लंडनला जाते. विमानानं. धसईचा साईनाथ एजंट आहे, टेम्पोत भरून नेतो. प्रत्येक खोक्यावर ज्याच्या त्याच्या नावाची चिठ्ठी. या वर्षी माझी. लंडनची बाई खोकं उघडणार, वाचणार, गोजर बारकू. तिला कळणार ही कुणाच्या हातची.

साईनाथला आज भाव विचारला. बोलला, काकी, आत्ता नाय सांगता येत, लंडन वेगळं निघतंय. कुणापासून? युरोपपासून. सगळे एकत्र होते, आता लंडनला वेगळं व्हायचंय, बोलणी चालू आहेत, पाउंड खालीवर होतोय. कधीपासून बोलणी? दोन वर्षं होत आली.

दोन वर्षं. शी. आमच्यात बारकू आणि मोठे दीर काळूरामदादा वेगळे झाले तेव्हा सकाळी बसलो, दिवेलागणीला दोन चुली. हंडे, कळशा, म्हशी, सगळं वाटलं. एका पाट्या-वरवंट्यावरनं भांडण झालं ते अजून चालू आहे, पण ते वेगळं.

निघायचं तर निघावं माणसानं. दारात उभं राहून ‘निघते निघते’ करणाऱ्यांचा मला तिटकारा आहे.

११ डिसेंबर

भेंडीला पहिलं एकच फूल आलं. पिवळं, मधे काळा डाग. बरं दिसतं.

लंडनवाले आज मत देणार होते. ऐनवेळी पुढं ढकललं. भूमिकेनं मोबाईलवर दाखवलं. (भूमिका माझी पोरगी, मुरबाडला कॉलेजात.) एका खोलीत सगळे कोंबून बसलेत, एकमेकांवर ओरडतायत, मधे एक माणूस गप्प बसवतोय त्याचं कोण ऐकत नाय. आमची ग्रामसभा यापेक्षा बरी. तिथं निदान शेवटी चहा मिळतो.

साईनाथला तर निमित्तच झालंय. भाव नाय, लंडन. खोकी आली नाय, लंडन. काल टेम्पो पंक्चर झाला तरी बोलला, काय करणार काकी, दिवसच असे आलेत.

ठरवलं. साईनाथला यापुढं चहा नाय.

१३ डिसेंबर

साईनाथ आला होता. चहा दिला. दूध नासायला आलं होतं म्हणून.

३० डिसेंबर, रविवार

पहिली तोडणी. डोकं फिरलंय.

आमच्या पाच घरांची सावड आहे. सावड म्हणजे पाची घरच्या बाया सकाळी मिळून एकीच्या मळ्यात तोडायच्या, मग दुसरीच्या, मग तिसरीच्या. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाय, हाताला हात. सगळं उन्हाच्या आत आवरतं. पहिला नंबर ज्या मळ्याचा त्याची भेंडी दवातली, कोवळी. नंबर रोज फिरतो.

सावडीची मुकादम माझी मोठी जाऊ ताराबाय. कुणी केली नाय, ती झाली. साईनाथ बोलतो बोटाएवढी भेंडी पाहिजे, त्याच्यावर लंडन घेत नाय. बरोबर. पण कुणाचं बोट? ताराबायचं. ताराबाय केवढी, तिचं बोट केवढं. लवंगी मिरचीएवढं. ती आपली बाजूला बसून एकेक भेंडी बोटाला लावून बघते आणि माझं अर्धं खोकं काढून ‘बाजार’ बोलून धसईला विकायच्या ढिगात टाकते. माझी तोडलेली भेंडी माझ्या बोटाला लावली तर अगदी बरोबर. माझे हात माझ्या बापासारखे, मोठे. ही माझी चूक?

साईनाथनं काय सांगितलं, बोटाएवढी. ताराबायच्या बोटाएवढी असं नाय सांगितलं.

४ जानेवारी २०१९

आज तोंडावर बोलले. ताराबाय बोलली, सगळ्यांना एकच माप, माझ्या मळ्याला पण तेच. मी बोलले, लंडनच्या बायका उंच असतात, त्यांची बोटं लांबच असणार. सगळ्या खाली वाकून भेंडी तोडायला लागल्या. शेजारची नम्रता तेवढी तोंडाला पदर लावून खोकत होती. थंडी बाधलीय तिला.

ताराबाय परत बोलली, नखं काप गो गोजर, भेंडीला ओरखडे येतात, काळे पडतात. हातमोजे घाल. माझ्या मळ्यात, माझ्या भेंडीला, माझी नखं. आणि नियम हिचे.

सांगून टाकलं. म्हसाची जत्रा झाली की मी सावड सोडणार. माझी भेंडी मी माझ्या बोटानं तोडणार.

घरी आल्यावर हलकं वाटलं. बारकूला सांगितलं. तो बोलला, तोडणार कोण मग? बारकूला प्रत्येक गोष्टीत नाट लावायची सवय आहे.

१६ जानेवारी

काल संक्रांत. ताराबायकडे हळदीकुंकवाला गेले. नाय गेलं तर लोकांना वाटणार मी भांडकुदळ. वाण म्हणून प्लास्टिकचा डबा दिला. मापानं लहान. तिच्या घरात सगळंच लहान.

लंडनमध्ये मत झालं. त्यांच्या मोठ्या बाईनं दोन वर्षं घासाघीस करून जो करार आणला, तो आपटला. तिच्याच माणसांनी पाडला. भूमिका बोलली, आई, आजवर एवढ्या मतांनी तिथं कोण पडलं नव्हतं. बाई काय बोलते ते कुणाला ऐकायचंच नसतं. पण बाईनं पण एक ठरवावं आणि त्याला चिकटून राहावं. माझ्याकडनं शिकावं.

२२ जानेवारी

काल जत्रेला गेलो. एक घोंगडी घेतली, एक तवा घेतला, आणि नवीन टोपल्या. सावडीतल्या टोपल्या ताराबायकडच्या, त्या सुटणार, म्हणून आधीच तयारी. तयारी कशाला म्हणतात ते लंडनवाल्यांनी बघावं.

बैलांच्या बाजारात थोडी उभी राहिले. दोन माणसं रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबतात, मान हलवतात, सौदा झाला. ना ओरडणं ना मोबाईल. लंडनवाल्यांना आणि त्या युरोपवाल्यांना म्हसाला आणून एका रुमालाखाली हात घालायला लावलं पाहिजे.

जत्रेत भेटेल त्याला सांगितलं की मी आता वेगळी. एक मावशी बोलली, नवऱ्यापासून? माणसांच्या डोक्यात घाणच.

जत्रा झाली. पण आज लगेच नको, अंग दुखतंय चालून चालून. सोमवारपासून.

२९ जानेवारी

सोमवार वद्य पक्षात आला, म्हणून राहिलं. आणि नीट बोलणी करूनच निघायचं. मी काय अडाणी नाय.

बारकूबरोबर ताराबायला निरोप पाठवला. मी सावड सोडणार. पण साईनाथचा टेम्पो ताराबायच्या अंगणातच वळतो, रस्ताच तसा आहे, तेव्हा माझी खोकी पहिल्यासारखी तिच्या पडवीत राहणार. विहिरीचं पाणी माझ्या पाळीला पहिल्यासारखं. आणि माझ्या मळ्यात तोडायला हात कमी पडले तर बायांनी यायचं. मी त्यांच्याकडे जायचा प्रश्न येत नाय, कारण मी सावडीत नसणार.

सरळ, स्वच्छ. यात न पटण्यासारखं काय नाय.

बारकू जेवूनच आला. विचारलं, काय बोलली? बोलला, सुकटीचं कालवण केलेलं. विचारलं, माझ्या निरोपाचं काय बोलली? बोलला, ते जेवण झाल्यावर विचारणार होतो, पण मग दादानं बैलाचा विषय काढला.

५ फेब्रुवारी

बारकू परत गेला. आज आंबाड्याची भाजी होती. ताराबाय बोलली म्हणे, विचार करून सांगते.

१२ फेब्रुवारी

बारकू रोज बोलणी करायला जातो. त्याचा सदरा पोटावर ताणायला लागलाय. दोन्ही बाजूंचं भलं व्हावं असं वाटणारा मधला माणूस नेमू नये. त्याचं भलं आधी होतं.

तोपर्यंत सावडीला जातेय. पण तोंड वाकडं ठेवून. कुणी काय विचारलं तर हूं, नाय तर नाय. त्यांना कळायला पाहिजे की मी असून नसल्यासारखी आहे. नम्रतानं विचारलं, काकी, दात दुखतो काय?

१९ फेब्रुवारी

ताराबायचं उत्तर आलं. बारकूनं यावेळी जेवायच्या आधी विचारलं, कारण मी दारात उभी राहून बघत होते.

उत्तर असं. सावड सोडली म्हणजे सोडली. खोकी पडवीत ठेव, पडवी काय कुणी खात नाय. पाणी विहिरीचं आहे, ते माझं नाय, तुझंही नाय. पण हाताला हात बंद झाला तर बाया येणार नाय.

म्हणजे घाबरली. तीनातल्या दोन गोष्टी कबूल केल्या. तिसरी पण करणार. थोडं ताणून धरायचं. महाशिवरात्रीपर्यंत.

साईनाथ बोलला, काकी, लंडनवाल्यांचं पण हेच चाललंय, निघायचंय पण सगळं पहिल्यासारखं पाहिजे. मी बोलले, हलकट माणसं. असं कुठं असतं काय.

४ मार्च, महाशिवरात्र

उपास. रताळी उकडली.

हात कमी पडणार नाय अशी सोय केली. डोंगराच्या पाड्यावरची जिवली भेटली. वीटभट्टीवर जायचा कंटाळा आलाय बोलली. मी बोलले, माझ्या मळ्यात ये, सुना घेऊन ये, रोज तोडायचं, चांगली मजुरी देते. बोलली, येईन. तिला भेंडीचं सगळं समजावून सांगितलं. सावड कशी चालते, नंबर कसा फिरतो, ताराबाय कशी वागते, सगळं. ती नीट ऐकत होती. हुशार बाई.

आता मला कुणाची गरज नाय. पुढच्या सोमवारी निघते.

१५ मार्च

लंडनवाल्यांनी मुदत वाढवून मागितली.

लाज नाय वाटत. एकोणतीस मार्चला निघणार म्हणून सगळ्या जगाला सांगितलं, दोन वर्षं ढोल पिटला, आणि आता दारात आल्यावर बोलतात थोडा टाइम द्या. आणि मागतात कुणाकडे, तर ज्यांच्यापासून निघायचंय त्यांच्याकडेच. मला शिसारी आली. भूमिकेला बोलले, बंद कर तो मोबाईल.

मी ताराबायला सांगितलं की परीक्षा झाल्यावर बघू. भूमिकेची परीक्षा आहे, तिला तोडणीला कसं उठवणार. माझं वेगळं आहे. मुदत मागणं वेगळं आणि दिवस बघून निघणं वेगळं.

२१ मार्च, धुळवड

आज अपमान झाला. तारीख नीट लिहून ठेवते.

सगळ्या बाया ताराबायच्या अंगणात. रंग, पुरणपोळी, हसणं. नम्रता मोठ्यानं बोलली, गोजरकाकी, आमची पैज लागलीय, आधी लंडन निघतं का तुमी. सगळ्या पोट धरून हसल्या. पाड्याची जिवली पण होती, ती पण हसली. ती तिथं काय करत होती, कुणास ठाऊक. पोळी खायला आली असेल.

ताराबाय हसली नाय. तिनं माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली आणि बोलली, “निघायचंय तर निघ गो गोजर. कुणी धरलंय तुला. दारात उभी राहून निघते निघते नको करू, आमच्या नंबराचा पण घोळ होतो.”

हे वाक्य मी कुठंतरी ऐकलंय. कुणीतरी शहाण्या माणसानं बोललेलं. ताराबायनं तिथूनच उचललं असणार.

पोळी खाल्ली. अन्नाचा काय दोष.

२२ मार्च

भूमिका बोलली, लंडनला एकोणतीसचं बारा एप्रिल करून दिलं. फार छान. म्हणजे आता मी ठरवते. मी एकोणतीस मार्चला निघणार. ज्या दिवशी ते निघणार होते त्याच दिवशी. लंडनच्या आधी. नम्रताची पैज बुडवते.

२८ मार्च

ताराबायला सांगून आले. उद्यापासून नाय. ती बोलली, बरं. एवढंच. बरं. आयुष्यभर नियम सांगणारी बाई एका शब्दात गप्प झाली. हीच माझी जीत.

टोपल्या काढून ठेवल्या. घोंगडी पण. बारकूला आणि भूमिकेला सांगितलं, पाचला उठायचं. बारकूनं आत्तापासून कंबर धरलीय.

२९ मार्च, शुक्रवार, सकाळी पाच

निघाले. चांदणं आहे अजून. मळ्यात मी एकटीच, पण मोकळं वाटतंय. सगळी भेंडी माझी, सगळं माप माझं. लिहून ठेवते, कारण पुढं कुणीतरी विचारेल सुरुवात कशी झाली.

तोच दिवस, दुपारी

बारकू सहाला आला. भूमिका साडेसहाला, कानात गाणी घालून. जिवली आली नाय. ऊन आलं तेव्हा अर्धा मळा झाला होता. अर्धा राहिला. उद्या तोडू, भेंडी कुठं पळून जाते.

भेंडीची लव अंगाला चावते. हातमोजे सावडीतले होते, ते ताराबायकडे. कोपरापर्यंत लाल झालंय.

खोकी भरून पडवीत ठेवली. साईनाथनं खोकं उघडलं, स्वतःचं बोट लावलं, माझ्याकडे बघितलं. विचारलं, काकी, हे काय? मी बोलले, बोटाएवढी. बोलला, कुणाच्या? हा साईनाथ सहा फुटाचा गडी, बोटं बघावी तर नव्या नवरीसारखी. चार खोक्यांतलं एक घेतलं. वरची कोवळी भेंडी होती ते. बाकी परत.

मी बोलले, लंडन निघालं की त्यांचं माप बदलेल तेव्हा तूच येशील मागे. तो बोलला, काकी, लंडन निघालं तरी बोट तेवढंच राहणार.

३० मार्च

काल राहिलेली भेंडी आज बघितली. एका रात्रीत वीतभर. मला दिसेल अशी वाढतेय. अशी माझी पोरगी वाढली असती तर बरं झालं असतं.

कालची तोडत बसले तर आजची राहिली.

१ एप्रिल

आजची तोडत बसले तर कालची राहिली.

सकाळी बांधावरनं सावडीच्या बाया गेल्या. सगळ्यांच्या हातात मोजे. जिवली त्यांच्यात. तिनं नदीकडचा तुकडा खंडानं घेतलाय, भेंडी लावलीय, कधीच. ताराबायनं तिला सावडीत घेतली. माझ्या जागेवर. मी तिला सगळं समजावून सांगितलं होतं ना, ते तिनं नीट लक्षात ठेवलं.

थुंकले. बांधाच्या पलीकडे नाय, अलीकडे. भांडण नको.

बारकू झोपून आहे. कंबरेला तेल चोळलं. बोलला, ताराबायकडचं तेल चांगलं असतं.

३ एप्रिल

सगळी भेंडी गोणीत भरून एसटीनं धसईच्या बाजारात नेली. लंडनला नाय तर नाय. आपली माणसं खातील.

बाजारात सगळीकडे भेंडी. माझ्याकडे बायका येतात, गोणीतली एक उचलतात, शेंडा मोडून बघतात. कोवळी असेल तर टचकन मोडतो. माझा मोडत नाय, वाकतो. मग ठेवतात आणि पुढं जातात. दुसरी येते, दुसरी उचलते. दुपारपर्यंत माझ्या गोणीतल्या सगळ्या भेंड्यांचे शेंडे वाकडे. एका बाईला बोलले, बाई, घ्यायची नसेल तर मोडू नको. ती बोलली, मोडली कुठं, मोडतच नाय.

परत आणली. एसटीत कंडक्टर बोलला, मावशी, सकाळी पण हीच गोणी होती ना?

म्हशीला घातली. थोडी खाल्ली. मग माझ्याकडे बघून तोंड फिरवलं.

६ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली. नवीन वर्ष, नवा विचार. माझा विचार असा की भेंडी हे पीकच फालतू आहे. पुढच्या साली वाल लावते. वाल थांबतो माणसासाठी.

मळ्यात गेले तर नवीन फुलं दिसली नाय. झाडाला जून शेंगा लटकल्यात, लाकडासारख्या, आत बी वाजतं. मी मधेच बसले. जरा वेळ. कुणी बघत नव्हतं.

बांधावर ताराबाय. पाडव्याला पण हिला मळा. लांबूनच बोलली, “गोजर, जून शेंगा झाडावर नको ठेवू गो. झाडाला वाटतं आपलं बी झालं, मग ते फूल द्यायचं थांबवतं. सगळ्या काप. विकायला नाय, झाडासाठी काप.”

मला शिकवते. जसं काय मला माहीतच नाय.

दिवसभर कापल्या. मी आधीच ठरवलं होतं.

९ एप्रिल

दोन दिवस झाले, फुलं येतायत. थोडीच, पण येतायत. पिवळी. एकेक मोजत मळाभर फिरले. पाय मोकळे करायला.

तीन-चार दिवसांत तोडायला येणार. रोज. उन्हाच्या आत. मी, एक कंबर धरलेला माणूस आणि एक कानात गाणी घातलेली पोरगी. परत तेच होणार. हा बहर पण गेला तर पावसापर्यंत मळ्यात फक्त काठ्या, आणि साईनाथच्या टेम्पोत माझ्या नावाची एक पण चिठ्ठी नाय. बारकू बोलेल, मला वाटलंच होतं. तो बोलणार नाय, नुसता बघेल. ते जास्त वाईट.

बारकूला बोलले, ताराबायकडे जाऊन ये. तो चप्पल घालायला लागला. मी बोलले, नको. तू जेवून येशील. मी जाते.

गेले नाय. अंगणापर्यंत गेले. म्हैस सुटली असेल असं वाटलं म्हणून परत आले. बांधलेली होती.

११ एप्रिल, गुरुवार

सकाळी भूमिका मोबाईल घेऊन आली. आई, लंडनला परत मुदत मिळाली. आता थेट एकतीस ऑक्टोबर. मी बोलले, कसली निर्लज्ज माणसं. निघाले नाय ते नाय, वर तिकडे राहून सगळे नियम पाळायचे. बोलायचा हक्क तरी आहे काय त्यांना आता? भूमिका माझ्याकडे बघत राहिली. बोलली, आई, तू कुठं निघालीस?

मी बोलले, ताराबायकडे पाट्याचं विचारायला.

ताराबाय खोक्यांना चिठ्ठ्या लावत होती. काळूरामदादा खाटेवर, चहा पीत. मी बोलले, फुलं परत आली. ती बोलली, बघितली मी बांधावरनं. मी बोलले, एवढ्या शेंगा कापल्या, हात सुजला. ती बोलली, हूं. मी बोलले, दादांची तब्येत कशी. दादा बोलले, मी इथंच बसलोय गो, मला विचार.

ती परत चिठ्ठ्या लावायला लागली. मग मीच सांगून टाकलं. लंडनचं ऑक्टोबरपर्यंत काय खरं नाय, भाव पण ठरलेला नाय, अशा वेळेला एकट्यानं निघण्यात अर्थ नाय, सगळ्यांच्याच भल्यासाठी मी सध्या सावडीत राहते.

ताराबायनं चिठ्ठी लावली, अंगठ्यानं दाबली. बोलली, “तुझा नंबर जिवलीला दिलाय. ती फिरत्या नंबरात आहे. तुझा मळा शेवटी धरू, रोज शेवटी. ऊन लागेल, पण तुटेल सगळं.”

रोज शेवटी. पाड्यावरची काल आलेली जिवली माझ्या पुढं. बोलायला तोंड उघडलं. मग पिवळी फुलं डोळ्यापुढं आली आणि तोंडातनं ‘बरं’ निघालं. एवढंच. बरं.

नखं तिनं तिथंच कापायला लावली. ब्लेड दिलं. हातमोजे दिले, माझेच जुने, धुऊन ठेवलेले. मी बोट पुढं केलं. बोलले, माप तेवढं परत एकदा बसून ठरवू, माझं बोट पण धरा कुठंतरी.

ती बोलली, “बोट घरी ठेवून ये.”

आणि कुडातली कारवीची काडी मोडली, स्वतःच्या बोटाला लावली, दातानं टोक तोडलं आणि माझ्या हातात दिली. याच्यावर गेली की बाजार.

हे सगळं तात्पुरतं आहे. ऑक्टोबरपर्यंत. भात कापून झालं की बघते एकेकीला.

चारला उठायचंय. माझा नंबर शेवटचा, पण जायचं सगळ्यांच्या आधी ताराबायच्या मळ्यात. उद्या तिचा पहिला आहे. काडी पोलक्यात खोचून ठेवलीय. माझ्या बोटाला लावून बघितली. दुसऱ्या पेरापर्यंतच येते.